चांदीचा ईटीएफ चांदीपेक्षा जास्त का पडला? आणि त्यावरून बाकीचे ईटीएफ कसे ओळखायचे

नागपूरच्या मानेवाड्याहून एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. २०२५ च्या धनत्रयोदशीच्या चार-पाच दिवस आधी त्यांनी अडीच लाखांचा चांदीचा ईटीएफ घेतला. दिवाळी आटोपली तोवर चांदी उतरली, पण ईटीएफ चांदीपेक्षा बराच जास्त उतरला. ‘चांदी तीच, मग माझीच जास्त कशी पडली?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. यजमान उमरेडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेत, त्यांच्याकडे सीपीएसई, म्हणजे केंद्र सरकारच्या कंपन्यांचा, ईटीएफ बरीच वर्षं पडून आहे. तो ठेवायचा का, हा दुसरा. आणि तिसरा असा की ॲपवर ईटीएफ शोधलं की निफ्टी, बँक, सोनं, नॅसडॅक, लिक्विड, मोमेंटम अशी नावांची रांग लागते, त्यातलं नेमकं काय समजून घ्यायचं?

ताई, चांदीपासूनच सुरुवात करतो, कारण ती समजली की बाकीची रांग आपोआप सुटते.

ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा म्युच्युअल फंड. म्हणूनच त्याला दोन किमती असतात. एक, आत ठेवलेल्या मालाची किंमत, म्हणजे एनएव्ही. बाजार चालू असताना तिचा चालता अंदाज दिसत राहतो, त्याला आय-एनएव्ही म्हणतात. दुसरी, त्या क्षणी बाजारात कोणी ज्या भावानं युनिट विकायला तयार आहे तो भाव. साध्या म्युच्युअल फंडात तुम्हाला पहिलीच किंमत मिळते. ईटीएफमध्ये तुम्ही दुसरी देता. या दोन्ही एकमेकींना चिकटून असतील अशी व्यवस्था असते, पण त्या चिकटून आहेत की नाही हे बघणं घेणाऱ्याकडे असतं आणि नव्याण्णव टक्के लोक ते बघत नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीचं नेमकं काय झालं ते सांगतो. लंडनच्या बाजारात चांदीची चणचण होती, त्यात आपल्याकडे सणाची मागणी. देशात तयार चांदी पुरेना. ईटीएफला नवीन युनिट काढायचे तर आत खरी चांदी यावी लागते, ९९.९ टक्के शुद्धतेची, तीस किलोच्या विटांमध्ये. ती वेळेवर येईना. इकडे ॲपवरून खरेदीचा पूर. युनिट तेवढेच, घेणारे दुप्पट. त्यामुळे बाजारभाव एनएव्हीच्या वर चढत गेला, काही दिवस दहा टक्क्यांच्याही पुढे. काही फंड हाउसनी आपल्या चांदीच्या फंड ऑफ फंडमध्ये, म्हणजे ईटीएफमध्येच पैसे लावणाऱ्या फंडात, एकरकमी पैसे घेणंच थांबवलं. ती बातमी ज्यांनी वाचली त्यांना इशारा पुरेसा होता. थोडं न्यायानं बोलायचं तर इतवारीच्या सराफा बाजारातही त्या दिवसांत चांदी परदेशी भावाच्या हिशेबापेक्षा महागच होती, तेव्हा ईटीएफवरचं सगळंच जास्तीचं हवेतलं नव्हतं. पण तुटवडा सरला की दोन्हीकडचं जास्तीचं विरतं, आणि ते ज्याच्या हातात असतं त्याचंच विरतं.

आकड्यात मांडतो. समजा आतल्या चांदीची किंमत १०० आणि तुम्ही दिले ११०. पुढे चांदी आठ टक्के उतरली, म्हणजे १०० चे ९२ झाले, आणि तुटवडाही संपला म्हणून बाजारभावही ९२ वर येऊन टेकला. चांदी पडली आठ टक्के, तुमचे ११० चे ९२ झाले म्हणजे सोळा टक्क्यांहून जास्त. अडीच लाखांवर आठ टक्के म्हणजे वीस हजार, तुमचे गेले चाळीस हजारांच्या वर. वरचे वीस हजार चांदीनं नेले नाहीत. ते तुम्ही घेताना दिलेले जास्तीचे होते. सराफा ओळीत कोणी चांदीच्या विटेवर घडणावळ मागितली तर तुम्ही ‘अहो, याच्यात घडवलं काय तुम्ही?’ म्हणून पायरी उतराल. इथे तीच घडणावळ स्क्रीनवर दिसली नाही, एवढंच.

आता हे दोन भाव एरवी चिकटून का राहतात? प्रत्येक ईटीएफसाठी फंड हाउसनं मार्केट मेकर नेमलेले असतात, सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमाप्रमाणे किमान दोन. निफ्टीच्या ईटीएफचा बाजारभाव एनएव्हीच्या वर गेला की मार्केट मेकर बाजारातून निफ्टीतले पन्नासही शेअर ठरल्या प्रमाणात उचलतो, फंडाला देतो, बदल्यात नवे युनिट घेतो आणि ते महाग भावानं विकतो. भाव खाली गेला की उलट करतो. त्याचा फायदा सुटतो आणि फरक मिटतो. तुम्हा-आम्हाला फंड हाउसकडे थेट जाता येत नाही, त्यासाठी पंचवीस कोटींच्या वरचा व्यवहार लागतो. म्हणजे आपल्याला या मार्केट मेकरवरच भिस्त ठेवावी लागते. आणि मार्केट मेकर कितीही प्रामाणिक असला तरी आतला माल हातात आल्याशिवाय तो काही करू शकत नाही.

म्हणून इतकी वर्षं लोकांचे ईटीएफ लावून देताना मी प्रकार ओळखायचा एकच प्रश्न धरून ठेवला आहे: आपला बाजार चालू असताना, आतला माल, हवा तेवढा, लगेच मिळतो का? शेअर, सोनं, रोखे ही वर्गवारी पुस्तकात ठीक आहे. पैसे घालताना हा प्रश्न जास्त कामाला येतो.

निफ्टी ५० आणि सेन्सेक्सचे ईटीएफ या कसोटीवर सगळ्यात वर. आतले शेअर देशातले सगळ्यात जास्त उलाढालीचे, त्याच वेळात, त्याच बाजारात. भारतातला पहिला ईटीएफ हाच, निफ्टी बीज, डिसेंबर २००१ मध्ये आलेला. तेव्हा नागपुरात त्याला विचारणारं कोणी नव्हतं. डिमॅट असलेले लोकही ‘शेअर नाही आन् फंडही नाही, मग हे काय?’ म्हणायचे. २०१५ च्या ऑगस्टपासून भविष्य निर्वाह निधीचा पैसा ईटीएफमधून शेअर बाजारात जायला लागला, आधी नव्या जमेच्या पाच टक्के, मग दहा, मग पंधरा, आणि त्यानंतर या प्रकाराची उलाढाल खरोखर मोठी झाली. खर्च अतिशय कमी, मोठ्या निफ्टी ईटीएफमध्ये शंभर रुपयांमागे वर्षाला चार-पाच पैशांच्या आसपास.

इथे एक गोष्ट मात्र नीट बघा. निफ्टी ५० चे ईटीएफ पाच-पंचवीस फंड हाउसचे आहेत, आतला माल अगदी सारखा. तरी एकाची रोजची उलाढाल कोट्यवधींची आणि दुसऱ्याची काही लाखांची. लोक खर्चाचा टक्का बघून सगळ्यात स्वस्त तो उचलतात. दोन पैसे खर्चात वाचवायचे आणि खरेदी-विक्रीच्या भावातल्या फरकात पन्नास पैसे घालवायचे, हा व्यवहार मला पटत नाही. मी आधी उलाढाल बघतो, मग खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर, मग गेल्या तीन-पाच वर्षांत निर्देशांकाच्या किती मागे राहिला ते. निर्देशांक धरताना लाभांशासहचा धरायचा, नाहीतर प्रत्येक ईटीएफ हुशार दिसतो. खर्चाचा टक्का शेवटी.

निफ्टी नेक्स्ट ५० आणि मिडकॅपचे, म्हणजे मधल्या आकाराच्या कंपन्यांचे, ईटीएफही याच घरातले, फक्त आतले शेअर थोडे कमी हलणारे, म्हणून एनएव्ही आणि भावात अंतर जरा जास्त पडतं. चढ-उतारही मोठे. तेवढं मनात धरलं की पुरे.

आता यजमानांचा सीपीएसई. हा प्रकार मला सविस्तर बोलावासा वाटतो, कारण विदर्भात तो घराघरात आहे. मार्च २०१४ मध्ये सरकारनं आपल्या कंपन्यांतला हिस्सा विकायला हा ईटीएफ काढला. घेणाऱ्याला पाच टक्के सूट, आणि वर्षभर ठेवला तर दर पंधरा युनिटमागे एक लॉयल्टी युनिट. नंतर २०१७ मध्ये भारत २२ आला, त्यात सरकारी कंपन्यांच्या जोडीला सरकारी बँका आणि सरकारचा हिस्सा असलेल्या काही खासगी कंपन्याही आहेत. सीपीएसईच्या आत मुख्य वजन कोणाचं? एनटीपीसी, पॉवर ग्रिड, भारत इलेक्ट्रॉनिक्स, ओएनजीसी आणि कोल इंडिया. म्हणजे वीज, कोळसा, तेल, संरक्षण. विकत घेता येण्याच्या दृष्टीनं यात काही खोट नाही, आतले शेअर भरपूर उलाढालीचे आहेत. प्रश्न वेगळा आहे.

२०१० मध्ये कोल इंडियाचा आयपीओ २४५ रुपयांना आला, तेव्हा कोळशाच्या वसाहतींतले कितीतरी लोक माझ्याकडे पहिल्यांदा डिमॅट उघडायला आले होते. कर्मचाऱ्यांना भावात सूट होती. त्यातले अनेक आजही तेच शेअर धरून आहेत, आणि वर सीपीएसई ईटीएफ. ‘आपल्याच कोळशाचा पैसा आहे तो, जाते कुठी?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कोण बोललं ते आता आठवत नाही. त्यामागची माया मला समजते. आयुष्यभर ज्या खाणीत उतरलो तिच्यावर विश्वास असणारच. पण हिशेब करू. ज्या वेकोलिनं, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सनं, पगार दिला ती कोल इंडियाचीच उपकंपनी. शेअर कोल इंडियाचे. ईटीएफमध्ये पुन्हा कोल इंडिया, आणि तिचा कोळसा जाळणारी एनटीपीसी. नावं चार, जोखीम एक. उद्या सरकारनं कोळशाचं किंवा विजेचं धोरण बदललं तर घरातल्या चारही कप्प्यांना एकाच वेळी ओल लागते. सीपीएसई २०२० पर्यंत कितीतरी वर्षं बाजाराच्या मागे रेंगाळला आणि त्यानंतर सुसाट धावला. दोन्ही वेळा कारण तेच, सगळी अंडी एका प्रकारच्या कंपन्यांत.

सेबीनंही ईटीएफच्या निर्देशांकाला मर्यादा घातल्यात: किमान दहा शेअर हवेत, व्यापक निर्देशांकात एका शेअरचं वजन २५ टक्क्यांच्या वर नको, विशिष्ट क्षेत्राच्या निर्देशांकात ३५ च्या वर नको. ३५ टक्के! म्हणजे क्षेत्रीय ईटीएफमध्ये शंभरातले पस्तीस रुपये एकाच कंपनीत असणं नियमात बसतं. बँक ईटीएफ घेणाऱ्या किती जणांना माहीत असतं की त्यातला मोठा वाटा दोन-तीन खासगी बँकांचा आहे, आणि त्याच बँका निफ्टी ५० मध्येही सगळ्यात वर बसल्यात? ज्याच्याकडे निफ्टी आहे त्यानं बँक ईटीएफ घेतला की तीच खरेदी दुसऱ्यांदा होते. आयटी, फार्मा, ऑटो यांचंही हेच. ज्याला त्या धंद्याचं चक्र कळतं आणि कधी बाहेर पडायचं हे आधी ठरवता येतं, त्यानं जरूर घ्यावेत. निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या माणसाला मी ते सुचवत नाही.

मोमेंटम, लो व्होलॅटिलिटी, क्वालिटी, व्हॅल्यू या नावाचे ईटीएफ म्हणजे नियमानं निवडलेले शेअर. फंड मॅनेजरच्या मनाऐवजी सूत्र चालतं. कल्पना चांगली आहे. पण जाहिरातीत दिसणारा आलेख बहुतेक वेळा ईटीएफ सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांचा, मागे वळून काढलेला असतो. आलेखाखालची ईटीएफ सुरू झाल्याची तारीख वाचा, मग पुढे बोलू.

सोन्याकडे येतो. भारतात पहिला सोन्याचा ईटीएफ मार्च २००७ मध्ये आला. आत ९९.५ टक्के शुद्ध सोनं, कस्टोडियनच्या, म्हणजे फंडाचा माल सांभाळणाऱ्या संस्थेच्या, तिजोरीत. लॉकरचं भाडं नाही, घट नाही, मोडायला गेल्यावर ‘हे आमच्या दुकानाचं नाही’ ऐकावं लागत नाही. वर्षाचा खर्च मात्र निफ्टीपेक्षा बराच जास्त, अर्धा-पाऊण टक्क्याच्या घरात, आणि तो फंड हाउसगणिक बदलतो, म्हणून इथे खर्चाची तुलना करण्यात अर्थ आहे. सोनं आयात होतं पण बाजार खोल आहे, त्यामुळे एनएव्ही आणि भाव सहसा जवळ असतात. सहसा. सणाच्या आधी आणि भाव भडकलेल्या दिवशी तपासूनच घ्या.

लेकीच्या लग्नाचं सोनं म्हणून ईटीएफ घेणाऱ्या आयांना मी एक गोष्ट आधीच सांगतो. लग्नाच्या वेळी हातात दागिना येत नाही. युनिट विकायचे, पैसे खात्यात, मग सराफाकडे जाऊन दागिना घ्यायचा आणि त्यावर घडणावळ नि ३ टक्के जीएसटी तेव्हा द्यायचाच. ईटीएफ सोन्याच्या भावापासून तुम्हाला सांभाळतो, दागिन्याच्या खर्चापासून नाही. तेवढी रक्कम वेगळी धरली की योजना फसत नाही.

चांदीच्या ईटीएफला सेबीनं नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, पहिला जानेवारी २०२२ मध्ये आला. त्याबद्दल वर बोललोच आहे. एवढंच जोडतो की चांदी सोन्यासारखी घरात दबून बसत नाही. सौर पॅनेल, इलेक्ट्रॉनिक्स अशा कारखान्यांत तिचा मोठा वापर आहे, म्हणून ती चढते तेव्हा सोन्याच्या पुढे पळते आणि पडते तेव्हाही पुढेच.

परदेशी ईटीएफ हा आपल्या कसोटीवर सगळ्यात खालचा प्रकार, आणि इथेच माझ्याकडच्या तरुण मुलांचे सगळ्यात जास्त पैसे जास्तीच्या भावात गेलेत. हाँगकाँगच्या हँगसेंगचा ईटीएफ आपल्याकडे २०१० पासून आहे, अमेरिकेच्या नॅसडॅक १०० चा २०११ पासून. पण आपला बाजार साडेतीनला बंद होतो आणि न्यूयॉर्कचा उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी सातला, हिवाळ्यात आठला उघडतो. तुम्ही नॅसडॅकचा ईटीएफ घेता त्या वेळी आतल्या शेअरचा तिथला मुख्य बाजार चालू नसतो. त्यावर दुसरी अडचण मर्यादेची. सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात ७ अब्ज डॉलर आणि परदेशी ईटीएफमध्ये वेगळे १ अब्ज डॉलर, याच्या पुढे जाता येत नाही. २०२२ च्या सुरुवातीला मोठी मर्यादा भरत आली आणि नवी खरेदी थांबवावी लागली, एप्रिल २०२४ पासून परदेशी ईटीएफची मर्यादाही तशीच. मार्केट मेकरला नवे युनिटच काढता येईनात. झालं, भाव एनएव्हीच्या वर कधी पाच, कधी दहा टक्के, कधी त्याहून जास्त.

मिहानमधल्या एका कंपनीत काम करणारा मुलगा दर महिन्याला नॅसडॅकचा ईटीएफ घेत होता. मी त्याला आय-एनएव्ही दाखवला तर म्हणाला, ‘काका, हा फरक तर दोन वर्षांपासून आहे. मी जास्त देऊन घेतो, जास्त घेऊन विकीन.’ त्याचं म्हणणं चुकीचं नाही, जोवर मर्यादेचं कुंपण आहे तोवर. पण कुंपण कधी उघडायचं ते रिझर्व्ह बँक आणि सेबी ठरवणार, आणि ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी न्यूयॉर्क तेजीत असलं तरी त्याचा ईटीएफ पडेल. अमेरिकेच्या कंपन्यांवरची जोखीम त्यानं समजून घेतली होती, डॉलर-रुपयाचीही. ही तिसरी जोखीम त्याच्या हिशेबात नव्हती. आता तो फरक दोन टक्क्यांच्या आत असेल त्याच महिन्यात घेतो, नसेल तर ते पैसे लिक्विड ईटीएफमध्ये ठेवतो.

रोख्यांच्या ईटीएफमध्ये भारत बाँड सगळ्यात ओळखीचा, डिसेंबर २०१९ पासून. आत ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरच्या पतदर्जाचे, सरकारी कंपन्यांचे रोखे, आणि प्रत्येक मालिकेला ठरलेली मुदत. एप्रिल २०२३ आणि एप्रिल २०२५ च्या मालिका मुदत पुरी होऊन लोकांच्या खात्यात पैसे देऊन संपल्या, पुढे २०३० ते २०३३ च्या आहेत. याचा फायदा मुदतीपर्यंत थांबणाऱ्यालाच. घेताना दिसणारा परतावा, खर्च वजा जाता, साधारण तेवढाच हाती येतो. मधेच विकायला गेलात तर दोन अडचणी: घेणारे कमी, आणि व्याजदर वाढलेले असतील तर भाव उतरलेला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याच्या ईटीएफमध्ये तर दर एक टक्का वाढला की किंमत साधारण सहा-सात टक्के खाली येते. ‘सरकारी आहे, पडणार नाही’ म्हणून ते घेणारे लोक मग घाबरून विकतात. सरकार पैसे बुडवणार नाही हे खरं. भाव हलणार नाही असं मात्र कोणी म्हटलेलं नाही.

लिक्विड ईटीएफ हा पैसे थांबवायचा ओटा आहे. शेअर विकले, पुढची खरेदी आठवड्यानं, तोवर रात्रीपुरतं व्याज मिळावं म्हणून. जुन्या प्रकारात किंमत हजारावर स्थिर राहते आणि रोजचं उत्पन्न युनिटच्या अपूर्णांकात जमा होतं, ते विकताना अपूर्णांक खात्यात अडकून राहतो. नव्या वाढीच्या प्रकारात ही कटकट नाही. बचत खात्यातले पैसे उचलून इथे आणायची घरगुती माणसाला गरज नाही.

आणि ते व्हिडिओत दिसणारे, निर्देशांकाच्या रोजच्या हालचालीच्या दुप्पट-तिप्पट देणारे ईटीएफ आपल्याकडे नाहीत. ते अमेरिकेतले. निर्देशांक १०० वरून ९० ला जाऊन परत १०० ला आला तर साध्या ईटीएफवाला जिथल्या तिथे. रोज दुप्पट हलणारा मात्र १०० चा आधी ८० होतो, मग वर येताना ९७.७८ वर थांबतो. निर्देशांक जागेवर, यांचे सव्वादोन रुपये गेले. असं महिनाभर चाललं तर काय उरेल ते तुम्हीच बघा.

आता ऑर्डर टाकण्याबद्दल, कारण नुकसान तिथेच होतं. धंतोलीच्या माझ्या ऑफिसात एक निवृत्त अभियंता बसले होते, सकाळचे ९ वाजून १६ मिनिटं. मिडकॅपच्या एका छोट्या ईटीएफचे ४,००० युनिट घ्यायचे होते. आय-एनएव्ही २०.४०. स्क्रीनवर विकणाऱ्यांची रांग अशी: २०.४८ ला ३०० युनिट, २०.९५ ला ५००, आणि त्यापुढे एकदम २१.९० ला मोठा ढीग. त्यांनी वरचा २०.४८ हा आकडा बघितला आणि मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावानं घेण्याची ऑर्डर, दाबली. मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत झालं होतं. पहिले तीनशे २०.४८ ला मिळाले, पाचशे २०.९५ ला, उरलेले बत्तीसशे सगळे २१.९० ला. सरासरी २१.६७ च्या वर. ८१,६०० चा माल ८६,७०० ला पडला. अर्ध्या तासानं भाव पुन्हा साडेवीसच्या खाली. पाच हजार रुपये एका बटनात गेले, आणि त्यात कोणाची फसवणूक नव्हती, सगळं नियमानं झालं होतं. त्या दिवसापासून माझ्यासमोर कोणी ईटीएफ घेत असेल तर मी आधी बोट धरतो.

तुम्ही असं करा. बाजार उघडल्यावर पहिला अर्धा तास आणि बंद होण्याआधीची पंधरा-वीस मिनिटं सोडून द्या. अकरा ते दोन ही वेळ चांगली. फंड हाउसच्या किंवा एनएसईच्या साइटवर आय-एनएव्ही उघडा. ॲपवर विकणाऱ्यांची पाचही ओळींची रांग बघा, नुसता मोठा आकडा नाही. मग लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या भावापर्यंतच घेण्याची ऑर्डर, टाका, निफ्टी-सोन्यात आय-एनएव्हीच्या फार तर पाव टक्का वर. नाही मिळाला तर नाही मिळाला, उद्या बाजार परत उघडतो. दर महिन्याला ठरावीक रक्कम घालायची असेल आणि हे सगळं जमणार नसेल तर त्याच निर्देशांकाचा इंडेक्स फंड घ्या. खर्च किंचित जास्त, पण एनएव्हीच्याच भावात मिळतो आणि डिमॅटही लागत नाही. असं करण्यात काहीही कमीपणा नाही. माझ्या अर्ध्या लोकांना मी तेच लावून दिलं आहे.

कराचं थोडक्यात, २३ जुलै २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे. भारतीय शेअरच्या ईटीएफवर वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर १२.५ टक्के, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. सोनं, चांदी आणि परदेशी ईटीएफ वर्षाहून जास्त ठेवले तर १२.५ टक्के, पण ती सव्वा लाखाची सूट इथे नाही. वर्षाच्या आत विकले तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. रोख्यांचे ईटीएफ १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेले असतील तर कितीही वर्षं ठेवा, नफा टप्प्यातच.

आता तुमचं स्वतःचं. घेताना दिलेलं जास्तीचं परत मिळेल म्हणून चांदी धरून बसू नका आणि त्याच्या रागानं विकूही नका. ते पैसे गेले, त्यांचा आजच्या निर्णयाशी संबंध नाही. आज हातात तेवढी रोख असती तर चांदी घेतली असती का, एवढंच स्वतःला विचारा. तुमच्या सगळ्या बचतीच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर राहू द्या. त्याहून जास्त असेल तर खरेदीला एक वर्ष पूर्ण झाल्यावर जास्तीचा भाग सोन्याकडे किंवा निफ्टीकडे वळवा. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या असाल तर जुनं पेन्शन तुम्हाला आहे, म्हणजे दर महिन्याचा खात्रीचा पैसा आहेच. तेव्हा तुमच्याकडे रोख्यांच्या ईटीएफची फार निकड नाही, निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या एकरकमी पैशातला जो भाग २०३० नंतर लागणार आहे तेवढ्यापुरता भारत बाँड बघा.

यजमानांना सीपीएसई एकदम विकायला सांगू नका, ते ऐकणारही नाहीत आणि तशी गरजही नाही. कोल इंडियाचे शेअर आणि सीपीएसई मिळून घरातल्या शेअरच्या पैशाच्या किती टक्के आहेत ते एका कागदावर लिहा. निम्म्याच्या वर असेल तर सीपीएसई निम्मा करून तो पैसा निफ्टीच्या ईटीएफमध्ये किंवा इंडेक्स फंडात जाऊ द्या. इतक्या वर्षांचा नफा असेल, म्हणून सव्वा लाखाची सूट दोनदा वापरता यावी यासाठी थोडे मार्चमध्ये आणि थोडे एप्रिलमध्ये विका, दोन वेगळी आर्थिक वर्षं मिळतात. मार्चचे शेवटचे दोन दिवस टाळा, सौदा त्याच वर्षात पूर्ण व्हायला हवा. आणि विकतानाही ऑर्डर लिमिटचीच, आय-एनएव्ही बाजूला उघडा ठेवून.